वनस्पती-अर्कातून चांदीचे नॅनोकण: फ्लास्क दुधाळ होतो, रंगच येत नाही, किंवा आलेला रंग खाली बसतो, तेव्हा काय तपासायचं

कागदावर ही कृती चार ओळींची आहे. पानं उकळा, गाळा, एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये घाला, पिवळ्यावरून तपकिरी होईपर्यंत थांबा. अर्कातले घटक चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, तयार होतात. मी स्वतः हा प्रयोग जितका केलाय, त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांचा बिघडलेला दुरुस्त केलाय. कधी तुळस असते, कधी कडुनिंब, अडुळसा नाहीतर आवळा. वनस्पती बदलते, बिघाड मात्र फिरून फिरून तेच.

आधी तुमच्या फ्लास्कमध्ये नेमकं काय दिसतंय ते ठरवा:

- मिसळल्याबरोबर, काही सेकंदांत द्रावण दुधाळ झालं. नंतर उजेडात राहून ते जांभळट-राखाडी पडलं.
- चोवीस तास झाले, रंग जागचा हलला नाही.
- रंग आला, पण दुसऱ्या दिवशी तळाला काळपट गाळ आणि वर फिकट पाणी.
- रंग झकास, पण स्पेक्ट्रममध्ये (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं, त्या आलेखात) टेकडी नाही, नुसता उतार.
- गेल्या आठवड्यात जमलं होतं. तीच कृती, तीच माणसं, आज जमत नाही.
- सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाचा गोळा पाण्यात पुन्हा मिसळतच नाही.

नीट जमलेला फ्लास्क कसा दिसतो तेही सांगतो, कारण पुष्कळांनी तो पाहिलेलाच नसतो. द्रावण तपकिरी पण पारदर्शक असतं. दहापट पातळ केलं की स्वच्छ पिवळं दिसतं, त्यात धुकं नसतं. स्पेक्ट्रममध्ये ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान एकच टेकडी येते. सोन्याच्या नॅनोकणांची ५२० ते ५५०च्या आसपास येते आणि द्रावण माणकासारखं लाल दिसतं.

फुकटची तपासणी: सोबतीचे दोन फ्लास्क

मला बोलावणं आलं की पहिला प्रश्न ठरलेला: कंट्रोल कुठे आहेत? बहुतेक वेळा नसतात.

एका फ्लास्कमध्ये अर्क आणि चांदीच्या द्रावणाऐवजी तेवढंच पाणी. दुसऱ्यात सिल्व्हर नायट्रेट आणि अर्काऐवजी तेवढंच पाणी. दोन्ही मुख्य फ्लास्कच्या शेजारी, त्याच तापमानाला, त्याच उजेडात, तितकाच वेळ. अर्कातली पॉलिफेनॉल हवेनेच तपकिरी होतात, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी. पहिला फ्लास्क मुख्य फ्लास्कइतकाच गडद झाला, तर तुम्ही चांदीचा रंग बघत नाही आहात. दुसरा गढूळ झाला, तर दोष अर्काचा नाही; पाणी किंवा भांडी बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या त्याने वाचतात.

पाणी

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फ्लास्क इथेच बुडतात.

चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. त्याचा विद्राव्यता गुणाकार साधारण १.८ × १०⁻¹⁰, म्हणजे चांदी आणि क्लोराइड यांच्या मोलर प्रमाणांचा गुणाकार याच्या वर गेला की साका. एक मिलीमोलर चांदी असलेल्या द्रावणात लिटरमागे ०.००६ मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड गेलं की गणिताने साका पडायला सुरुवात होऊ शकते. डोळ्यांना गढूळपणा दिसायला याहून बरंच जास्त लागतं. पण नळाच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅम सहज असतं, कधी शेकड्यातही. तिथे लपायला जागाच नाही.

तपासणी सोपी. स्वच्छ टेस्ट ट्यूबमध्ये प्रयोगातलंच पाणी ५ मिली घ्या, सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका, काळ्या कागदासमोर धरा. जराही धुकट दिसलं तर ते पाणी बाद. आणि पाणी प्रत्यक्ष वापरताय त्याच बाटलीतून घ्या, यंत्राच्या तोंडाशी धरून नको. एकदा तीन आठवडे मी एकाच फ्लास्कमागे होतो. डिस्टिल्ड पाणी निर्दोष, अर्क निर्दोष, तरी द्रावण दुधाळ. शेवटी वॉश बॉटलमधलं पाणी तपासलं आणि ट्यूब पांढरी झाली. कोणीतरी ती बाटली हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन एकदाच खंगाळली होती.

क्लोराइड आत शिरायच्या आणखी वाटा आहेत. पानं नळाच्या पाण्याने धुतली आणि शेवटचा हात डिस्टिल्डचा दिला नाही. हातमोज्यांशिवाय पानं चुरली. घामात मीठ असतंच. पीएच कमी करायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं. तिथे सौम्य नायट्रिक वापरायचं. आणि एक वाट कुणाच्याच ध्यानात येत नाही: पीएच मीटरचा इलेक्ट्रोड. त्याच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण असतं आणि ते थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. चांदीच्या फ्लास्कमध्ये इलेक्ट्रोड बुडवून ठेवणं म्हणजे मिठाचा थेंब सोडणं. पीएच मोजायचा तर थोडा नमुना वेगळा काढा, मोजा, टाकून द्या.

आता तो दुधाळ साका क्लोराइडच आहे का? अर्कातली प्रथिनं आणि टॅनिनसुद्धा चांदीबरोबर गढूळपणा आणतात. एक-दोन मिली नमुन्यात सौम्य अमोनियाचे थेंब टाका. गढूळपणा विरघळला तर सिल्व्हर क्लोराइड, तसाच राहिला तर बहुधा अर्कातला गाळ. ही चाचणी लहान ट्यूबमध्येच करा, आणि झाल्याबरोबर सौम्य नायट्रिक आम्लाने द्रावण आम्लधर्मी करून चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत ओता. चांदी आणि अमोनियाचं द्रावण ठेवून दिलं तर त्यातून स्फोटक पदार्थ बनतो. झाकण लावून उद्यासाठी ठेवायचं हे द्रावण नव्हे.

एका विद्यार्थिनीने खिडकीतला फ्लास्क मोठ्या आनंदाने दाखवला होता: सकाळी पांढरा, दुपारी फिक्कट जांभळा, संध्याकाळी राखाडी. तिच्या वहीत ‘रंगबदल, नॅनोकण तयार’ अशी नोंद होती. सिल्व्हर क्लोराइड उजेडात नेमकं असंच काळवंडतं. जुनी छायाचित्रकला या गुणावर उभी होती. नॅनोकणांचा रंग पारदर्शक द्रावणात हळूहळू चढतो. आधी दूध आणि मग राखाडी, हा क्रम दिसला की क्लोराइडचा संशय घ्यायचा.

पाणी, पानं, भांडी सगळं स्वच्छ करूनही थोडं धुकं राहत असेल, तर ते वनस्पतीचं स्वतःचं क्लोराइड आहे. पानांत ते असतंच. अर्काचं प्रमाण कमी करून बघा. तरी राहिलं तर नमुन्यात चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड दोन्ही आहेत असं सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

सिल्व्हर नायट्रेट: वजन आणि बाटली

एक मिलीमोलर म्हणजे १०० मिलीत १७ मिलिग्रॅम. दोन दशांशांच्या तराजूवर १७ मिलिग्रॅम तोलणं हा विनोद आहे, तरी तो रोज होतो. ०.१७० ग्रॅम घेऊन १०० मिलीत दहा मिलीमोलरचं द्रावण करा आणि लागेल तसं दहापट पातळ करा. इतकं वजनही तीन-चार दशांशांच्या तराजूवरच घ्यायचं.

स्फटिक पांढरे, खडखडीत हवेत. राखाडी झाले असतील तर बाटली उजेडात राहिलीय. द्रावण तपकिरी बाटलीत किंवा अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ठेवा. बोटांवर डाग पडला तर साबणाने घासत बसू नका, कातडी झडेपर्यंत काही दिवस तो राहणारच. पुढच्या वेळी हातमोजे घाला.

अर्क

‘गेल्या आठवड्यात जमलं होतं’ ही तक्रार निम्म्या वेळा इथे येऊन थांबते. तेव्हा अर्क ताजा होता. आता तोच अर्क फ्रिजमध्ये आठवडा काढून आलाय, चांदीला द्यायचे इलेक्ट्रॉन हवेला देऊन बसलाय आणि कदाचित बुरशीही धरलीय. फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवला तरी दोन-तीन दिवसांच्या वर मी भरवसा ठेवत नाही.

अर्कात दम आहे का हे बघायला फेरिक क्लोराइड पुरे. एक मिली अर्क पातळ करा, एक टक्का फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाका. गडद निळा-काळा किंवा हिरवट-काळा रंग आला तर फिनॉल, म्हणजे चांदीला इलेक्ट्रॉन देणारे घटक, भरपूर आहेत. नुसता पिवळट राहिला तर त्या अर्काकडून फार आशा नको. ही ट्यूब आणि तिचा ड्रॉपर चांदीपासून लांब ठेवा, कारण नावातच क्लोराइड आहे.

पानं सावलीत वाळवून, दळून, एकाच चाळणीने चाळून ठेवलीत तर एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंतचा फरक बराच कमी होतो. ताज्या पानांच्या वजनात बहुतांश पाणीच असतं, आणि किती ते ऋतूवर ठरतं. ‘१० ग्रॅम ताजी पानं, १०० मिली पाणी’ हे माप म्हणूनच पावसाळ्यात एक अर्क देतं आणि उन्हाळ्यात दुसराच. ६० ते ८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तासभर रटरटवलं तर नाजूक घटक जातात आणि चोथ्यातला गाळ उतरतो. गार होऊ द्या, मग गाळा. गरम गाळलेला अर्क गार होताना पुन्हा गढूळतो, आणि तो गढूळपणा तुम्ही पुढे चांदीच्या नावावर लिहिता. कोरफडीसारख्या बुळबुळीत वनस्पतींचा अर्क आधी सेंट्रिफ्यूज करा. नुसत्या फिल्टर पेपरमधून तो दिवसभर ठिबकत बसेल.

प्रमाण बहुतेक जण एक भाग अर्कास नऊ भाग चांदीचं द्रावण असं घेतात. ती चांगली सुरुवात आहे, शास्त्रवचन नव्हे. पाच लहान ट्यूबमध्ये अर्क वाढवत न्या आणि ओळीने लावून बघा. अर्क फार कमी असेल तर कणांना पुरेसं आवरण मिळत नाही आणि ते एकमेकांना चिकटून खाली बसतात. फार जास्त झाला तर अर्काचाच रंग सगळं झाकतो.

पीएच

रंगच हलत नसेल आणि अर्क ताजा असेल तर पीएच बघा. आवळा, लिंबूवर्गीय फळं यांचे अर्क चांगलेच आंबट असतात. फिनॉलवरचा हायड्रोजन सुटला की तो इलेक्ट्रॉन सहज देतो, आणि तो सुटायला द्रावण थोडं अल्कधर्मी लागतं. आंबट द्रावणात क्रिया रेंगाळते, कणही मोठे आणि वेडेवाकडे होतात.

उपाय म्हणजे ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, थेंब थेंब, आणि तेही अर्कात, चांदी घालण्याआधी. पीएच ८च्या आसपास आणा. चांदीच्या द्रावणात अल्क थेट टाकलं तर जिथे थेंब पडतो तिथे सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी-काळा साका होतो. तपकिरी रंग बघून माणूस खूश होतो. त्याच अल्काने अर्कही एकटा गडद होतो, म्हणजे फसायच्या जागा दोन. पीएच बदललात तर कंट्रोल फ्लास्कही त्याच पीएचचे हवेत. अल्क म्हणून अमोनिया वापरू नका. कारण वर आलंच आहे. फॉस्फेट बफरही नको. सिल्व्हर फॉस्फेट पिवळं असतं, आणि पिवळं काही दिसायची घाई तुम्हाला आधीच झालेली असते.

ऊब, उजेड, भांडी

खोलीच्या तापमानाला काही अर्क तासाभरात रंग देतात, काही दिवसभर घेतात. ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये वेळ मिनिटांवर येतो. ऊन पडलं की क्रिया पळते. खिडकीत केलेला प्रयोग ढगाळ दिवशी जमला नाही तर अर्काला दोष देऊ नका. फॉइल गुंडाळून एकदा, उजेडात एकदा, असं करून बघा म्हणजे कळेल.

भांड्यांच्या भिंतीवर मागच्या खेपेची चांदी राहिली असेल तर नवे कण तिच्यावरच वाढतात आणि आकार बिघडतो. सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून डिस्टिल्ड पाण्याने तीनदा खंगाळा. सोन्याच्या कामात अॅक्वा रेजिया वापरतात म्हणून चांदीलाही तेच, असं काही जण करतात. त्यात हायड्रोक्लोरिक आहे. चांदीवर क्लोराइडचा थर बसतो आणि ती उलट घट्ट चिकटते.

इथवर सगळं ठीक, तरी रंग नाही: सायट्रेटची परीक्षा

आता वनस्पतीच बाजूला काढा. १९८२ साली ली आणि मायझेल यांनी दिलेली सायट्रेटची पद्धत करून बघा. एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट १०० मिली उकळत ठेवा, एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचे २ मिली घाला, तासभर उकळत राहू द्या. हिरवट-पिवळं द्रावण आलं तर पाणी, चांदी, भांडी सगळी निर्दोष आणि दोष नक्की अर्काचा. नाही आलं तर अर्कावर आणखी एक दिवसही घालवू नका, मागे पाण्यापाशी जा.

स्पेक्ट्रम

गडद द्रावण तसंच क्युवेटमध्ये ओतून शोषण ३ आलं म्हणून आनंद होतो. तिथे यंत्राला काही दिसतच नसतं, टेकडीचा माथा सपाट होतो. पातळ करून शोषण १च्या खाली आणा. ब्लँक म्हणून, म्हणजे यंत्राचं शून्य लावायला, तितकाच पातळ केलेला अर्क वापरा.

अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काचा एक सापळा आहे. हरितद्रव्याची टेकडीही ४३०च्या आसपासच येते. ६६०-६६५ला दुसरी टेकडी दिसतेय का बघा. दिसली तर तुम्ही पानाचा हिरवा रंग मोजताय. चांदीची टेकडी ५००-६००कडे लांबवर पसरली असेल तर कण एकत्र चिकटतायत. आणि लेझर पॉइंटरचा किरण द्रावणात दिसला एवढ्यावर नॅनोकण सिद्ध होत नाहीत. गढूळ सिल्व्हर क्लोराइडमध्येही तो दिसतो.

गाळ बसणं आणि न मिसळणारा गोळा

दहा मिलीमोलर चांदी घेऊन ‘जास्त माल’ काढायच्या नादात कण आपटून खाली बसतात. एक मिलीमोलरवर या. साठवण ४ अंशांना, अंधारात. गोठवू मात्र नका, बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात.

धुताना प्रत्येक फेरीत कणांवरचं वनस्पतीचं आवरण थोडं थोडं निघतं. दोन फेऱ्या बस. वेग आरपीएममध्ये (मिनिटाला किती फेरे) न लिहिता जीमध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बळ) लिहा, कारण १०,००० आरपीएम प्रत्येक रोटरमध्ये वेगळं बळ देतं. गोळा वाळू देऊ नका. ओला असतानाच थोडं पाणी घालून बाथ सोनिकेटरमध्ये दहा मिनिटं ठेवा. तरी ढेकळं राहिली तर ती खेप गेली, जोर लावून उपयोग नाही. मिठाचं द्रावण किंवा पीबीएस (मीठ घातलेलं फॉस्फेट बफर) घालून धुणाऱ्यांचं काय होतं हे आता सांगायला नको.

जाता जाता, लोखंडाबद्दल. लोहक्षारात हिरड्याचा किंवा चहाचा अर्क घातला की क्षणात काळं होतं, आणि ‘लोहाचे नॅनोकण’ म्हणून नोंद होते. लोह आणि टॅनिनची ती शाई आहे, पूर्वी लिहायला वापरत तीच. जस्ताचं उलट: झिंक ऑक्साइडमध्ये जस्ताचं क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून धातू होणं) होतच नाही, म्हणून तिथे रंगाची वाट बघत बसणं व्यर्थ. साका भट्टीत भाजावा लागतो आणि शोषण ३६० ते ३८० नॅनोमीटरला शोधायचं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सायट्रेटची परीक्षा नव्या पाण्यावर आणि नव्या सिल्व्हर नायट्रेटवरही फसली, तर पाण्याचं यंत्र किंवा रसायन तपासायला विश्लेषण-रसायनवाल्यांकडे द्या.

चांदी आणि अमोनियाचं जुनं, बंद, विसरलेलं द्रावण सापडलं तर हलवू नका, झाकण उघडू नका, प्रयोगशाळेच्या सुरक्षा प्रमुखांना बोलवा. संहत नायट्रिक किंवा अॅक्वा रेजियाचं काम शिकवणारा माणूस शेजारी असल्याशिवाय आणि फ्यूम हूडशिवाय करू नका. डोळ्यात सिल्व्हर नायट्रेट उडालं तर किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा.

जिवाणूंवरचा परिणाम बघायचा तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सोबत घ्या. धुवूनही उरलेले चांदीचे आयन स्वतःच जिवाणू मारतात, म्हणून आयनांचा आणि नुसत्या अर्काचा वेगळा कंट्रोल लागतो. औषधी वनस्पतीतून केलं म्हणून हे द्रावण औषध होत नाही. पिऊ नका, जखमेला लावू नका, कोणाला देऊ नका. चांदी अंगात साठली की त्वचा निळसर-राखाडी होते, आणि तो रंग जात नाही.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आणि टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुना द्याल तेव्हा अर्क, पीएच, धुण्याच्या फेऱ्या हे सगळं चिठ्ठीवर लिहून यंत्र चालवणाऱ्याला द्या. आलेख आला की चांदीच्या रेषा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना शोधा, तांब्याच्या नळीचे क्ष-किरण असतील तर. त्याबरोबर २७.८, ३२.२ आणि ४६.२ला टोकं दिसली तर ‘अर्कातील सेंद्रिय घटक’ असं लिहून पुढे जाऊ नका. ते सिल्व्हर क्लोराइड आहे. परत वॉश बॉटलपाशी या.